दोघींची चादर

देवळात काय घालून जावं, यावरून आमच्या घरात आजही दर रविवारी कुरकुर होते. नातीच्या बाह्या आखूड, सुनेचं तोंड लांब आणि निवाड्याला मी. मला आता या सगळ्याचा शीण येतो. अंगावरच्या कापडाने माणसाचं काय होतं ते मी लहानपणीच पाहिलंय. त्यानंतर या विषयात मला काही नवं ऐकायचं राहिलेलं नाही.

उत्तनला आमच्या ख्रिस्ती बायका काष्ट्याचं लुगडं नेसायच्या. मासळी वाळत घालायला ते सोयीचं, पण पोटऱ्या उघड्या. म्हणून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाताना डोक्यावरून खालपर्यंत पांढरी चादर घ्यायची. चादर नसेल तर देवळात पाऊल टाकायचं नाही. हे कोणाला सांगावं लागत नसे.

लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं. काकीची चादर विरून गेली आणि घरात आईची तेवढी राहिली. तिलाही कपाळावर येणाऱ्या जागी भोक, त्यावर शिडाच्या कापडाचं मळकट पिवळं ठिगळ. आई रविवारच्या पहिल्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, जायची, परतताना वाटेवरच्या क्रूसापाशी काकीला चादर द्यायची, मग काकी आणि मी दुसऱ्या मिस्सेला. फादर जिभेवर ठेवतात तो ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे, त्यामुळे काकीचा उपास आईपेक्षा लांबायचा. तिने कधी तक्रार केली नाही. जाऊ दे, तिने तक्रार करायला हवी होती.

त्या वर्षी नवीन फादर आले होते. त्यांची नजर अधू. एका रविवारी काकी प्रसादासाठी वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसली, डोळे मिटून जीभ पुढे केली. फादर तिच्यापुढे थांबले, ठिगळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, तू सकाळी प्रसाद घेतलास. एका दिवसात दोनदा घेत नाहीत." आणि पुढच्या बाईकडे वळले.

काकी थोडा वेळ तशीच जीभ काढून बसून राहिली. शेजारच्या बायका बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आई म्हणाली, "मी जाते, सांगते फादरला."

"काय सांगशील? दोघींत एक चादर हाय म्हणून?" काकी म्हणाली. "झाकली मूठ ऱ्हाऊ दे. तू घे परसाद, तुला पोरं हायेत."

"मंग ठिगळ तरी उसवते."

"खाली भोक हाय ना."

त्यानंतर काकीने मिस्सा एकही चुकवली नाही, पण कठड्यापाशी ती गेली नाही. दाराजवळ बसायची. बाकीच्या उठून पुढे गेल्या की चादर आणखी पुढे ओढायची. मला तिचा राग यायचा. चार शब्दांत सुटणारी गाठ तिने वर्षानुवर्षं गळ्यात बांधून घेतली होती.

लढाई संपली, कापड मिळू लागलं. आईने नवी चादर घेतली आणि ठिगळाची काकीकडे राहिली. आई पुन्हा तिच्या मागे लागली, आता तरी पुढे जा.

"आता गेले तर इचारतील, एवढी वर्सं कुठं व्हतीस," काकी म्हणाली. "न्हाय जमत आता."

मग तिला खोकला लागला आणि ती उठेनाशी झाली. अखेरचा ख्रिस्तप्रसाद द्यायला फादर घरी आले, तेच फादर, आता आणखी वाकलेले. फादर येणार म्हणून काकीने आईकडून डोक्यावर ठिगळाची चादर घालून घेतली होती. पडल्या पडल्यासुद्धा. आई नवी चादर डोक्यावर घेऊन उशाशी उभी होती.

फादर खाली वाकले. ठिगळापाशी त्यांची नजर अडकली. त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग काकीच्या.

"तुम्ही दोघी होतात?" ते म्हणाले.

"दोघी व्हतो, फादर," काकी म्हणाली. "चादर एक व्हती."

फादरांनी ख्रिस्तप्रसाद हातात घेतला. काकीने त्यांच्या बोलण्याची वाट पाहिली नाही. तिने डोळे मिटले आणि जीभ पुढे केली.