मला मिळालेला शब्द

हे मी प्रार्थनेतसुद्धा कधी मोठ्यानं म्हटलेलं नाही. देवाला ठाऊक आहेच, असं म्हणून दरवेळी पुढं सरकते. तुम्हाला ठाऊक नाही — म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रहिमतपूरहून सांगलीच्या वसतिगृहात आले, तिथं खोलीत भेटली मार्था. माण तालुक्यातली, माझ्यासारखीच ख्रिस्ती. तिनंच मला चर्चच्या तरुण संघात नेलं. शनिवारी संध्याकाळी आम्ही गोल करून बसायचो. पवित्र आत्म्यानं प्रत्येकाला काही ना काही कृपादान दिलेलं असतं, ते वापरलं की वाढतं, असं संघाचे विजयदादा शिकवायचे. डोळे मिटून थांबायचं; ज्याला देवाकडून शब्द मिळेल त्यानं तो सगळ्यांसमोर बोलायचा.

मार्थाला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचं दान होतं. बुधगावची एक बाई झटके येणाऱ्या लेकराला घेऊन खास तिच्याकडं यायची. आणि मला? डोळे मिटले की मला फक्त पंख्याची घरघर ऐकू यायची.

"आज तरी शब्द मिळाला का, का परत पंखाच?" परतताना मार्था चिडवायची. मी हसायची. पण आत जळायचं — हेही कधी बोलले नव्हते.

एका दुपारी कृष्णेच्या घाटावर ती म्हणाली, "कुणाला सांगू नगंस. धाकटा भाऊ गेला ना माझा, तवापासनं मला प्रार्थनाच येत न्हाई गं. डोक्यावर हात ठेवते, तोंडानं बोलते — आत काय बी नसतं. पर ती बाई एवढ्या आशेनं येती. माघारी कशी धाडू तिला?"

मी तिचा हात धरला. सांगणार नाही म्हणाले. तेव्हा ते खरं होतं का? मला अजून नक्की सांगता येत नाही.

पुढच्या शनिवारी विजयदादा माझ्याकडं वळले. "भिऊ नकोस. मनात येईल ते बोल."

मी डोळे मिटूनच बोलले — आपल्यातलं कुणीतरी मनात प्रार्थना नसताना आजाऱ्यांवर हात ठेवतंय.

मग दादांनी विचारलं, "कोण आहे?"

मार्था उभी राहिली. 'हे मीच हिला सांगितलंय' — एवढं वाक्य पुरे होतं. ती ते बोलली नाही. माझ्याकडं एकदाच बघितलं.

तिला हात ठेवणं बंद करायला सांगितलं. मला मोठं दान मिळालंय असं ठरलं. आणि मी काय केलं? एसटीडी बूथवरून गावाकडं फोन लावून बाबांना सांगितलं. "देवानं आपलं घर बगितलं म्हणायचं," बाबा म्हणाले.

दादांनी बोल म्हटलं म्हणून बोलले, असं कितीदा मनाशी घोळवलं. पण दादा मला माहीत नसलेलं ऐकायला सांगत होते. मी माहीत असलेलं बोलले.

खोलीत मार्था कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या दिवशी घाटावर आपण दोघीच हुतो असं मला वाटलेलं."

परीक्षा झाली तशी ती दहिवडीला घरी गेली, ती परत आली नाही. मी पत्र टाकलं नाही.

मग बुधगावची बाई आली. मार्था कुठाय म्हणून विचारलं. दादांनी तिला माझ्याकडं पाठवलं. "ती पोरगी हात ठेवायच्या आधी जरा वेळ नुसती बसायची ह्याच्यापाशी," ती म्हणाली. "तुमी पण बसा ताई."

मी बसले. लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. वर पंखा घरघरत होता. मी तोंडानं बोलत राहिले.

यंदा माझं शेवटचं वर्ष. ती बाई अजून येते.