चौदा पायऱ्यांचं भूत

मिलिमीटरकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकलेली नाही. सुतार. वय चौसष्ट. कानावर पेन्सिल, खिशात घडीची मोजपट्टी. माझं पुस्तकांचं कपाट बसवायला आले तेव्हा एक फळी म्हणे केसभर खाली होती. मला दिसत नव्हती. "मला दिसतेय ना," म्हणाले आणि अख्खं कपाट उतरवलं. तेव्हापासून आमची दोस्ती.

त्यांच्या विधवा वहिनी दीडशे वर्षं जुन्या घरात पाहुणे ठेवतात. पाच खोल्या, रात्रीचा मुक्काम, सकाळची न्याहारी. खोल्या सहसा रिकाम्या नसतात, कारण तिथे भूत आहे. रात्री साडेअकराच्या सुमारास कुणीतरी जिना उतरतं. दिसत कुणीच नाही. काका तिथे दिवसा जातात, चहा पितात आणि अंधार पडायच्या आत निघतात. "भाऊजींची पाचावर धारण बसते," असं वहिनी पाहुण्यांना हसून सांगतात.

त्या शनिवारी मी हौसेने मुक्कामाला निघाले. काका म्हणाले, "मीही येतो." हातात हत्यारांची पिशवी.

"भुताला रंधा मारणार?"

"चल, गप."

वर या वेळी दोनच खोल्यांत पाहुणे होते. एक नवं जोडपं आणि एक निवृत्त स्टेशनमास्तर. वहिनी मागच्या खोलीत झोपल्या. आम्ही दोघं जिन्यासमोरच्या बाकावर बसलो. दिवे बंद.

साडेअकरा झाले. वर कुठेतरी टक्.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ही पहिली," काका कुजबुजले. "आता दुसरी."

टक्.

"तिसरी बोलत नाही. चौथी बोलेल, जरा मोठ्याने."

क्षणभर काहीच नाही. मग टक्, जरा मोठ्याने.

भूत काकांच्या हुकमाने उतरत होतं. "तुम्हाला कसं माहीत?"

"जिना मी केलाय."

अडतीस वर्षांपूर्वी काकांच्या थोरल्या भावाने ही वास्तू घेतली. जुना जिना कुजलेला. भावाचं लग्न आठ दिवसांवर. लाकूड ओलं होतं. भावाने विचारलं, "वाळलंय ना?" काका हो म्हणाले. वर्षभरात फळ्या आकसल्या, सांधे सैल झाले. दिवसभर तापलेलं घर रात्री गार व्हायला लागतं, ते छपराकडून. मग पायऱ्या वरून खाली एकेक करत जागेवर बसतात. काकांच्या ते लक्षात येईपर्यंत भुताचा बोभाटा झाला होता. भाऊ खूश होता. काका गप्प बसले. भाऊ गेला. तरी गप्पच.

"मी तुझी फळी उतरवली. आणि इथे चौदा पायऱ्या..." त्यांनी बोटं पुढे केली. थरथरत होती. "यंदा केलं नाही तर मग कधीच होणार नाही."

ते विजेरी घेऊन जिन्याखाली शिरले. पिशवीत सरसाची बाटली आणि वाळल्या लाकडाच्या पाचरी होत्या. पहिला हातोडा पडला आणि वर कुणीतरी किंचाळलं. दिवे लागले. वहिनी धावत आल्या.

"कोण आहे?"

"मी, वहिनी."

"जिन्याखाली काय करताय?"

काकांनी सगळं सांगितलं. तिथेच, उकिडवं बसून. तोवर जोडपं आणि स्टेशनमास्तर कठड्यावरून वाकून ऐकत होते.

वहिनी ओरडल्या नाहीत. तेच जास्त वाईट होतं.

"अडतीस वर्षं मी साडेअकरानंतर या जिन्यावर पाय ठेवला नाही. मुलं तापाने फणफणली तेव्हाही ह्यांना उठवायचे. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून चहा पीत होतात?"

"हो."

"आता चोरून दुरुस्त करणार होतात?"

"हो."

"उद्या उजेडात करा. सगळ्यांसमोर."

"भूत गेलं तर पाहुणे यायचे नाहीत, वहिनी."

"ते माझं मी बघेन."

"मी उद्या राहतोय बरं का!" स्टेशनमास्तर वरून म्हणाले. "जादा पैसे द्यावे लागले तरी." जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. तेही राहिले.

रविवारी काका दिवसभर जिन्याखाली उताणे पडून होते. नवरदेवाने विजेरी धरली. स्टेशनमास्तर गाडी सोडावी तशा पाचरी मोजून सोडत होते. नववधू वरून पायऱ्या तुडवून बघत होती. "ही अजून हलतेय, काका!" मी सरस लावत होते. माझा ड्रेस वाया गेला. इतकी मजा मला आजवर कुठल्या कामात आली नव्हती. काकांचा हात मधेच थांबायचा, थरथर ओसरायची, मग हातोडा पडायचा. अंधार पडला तेव्हा चौदावी पायरी झाली.

रात्री सगळे खुर्च्या मांडून बसलो. दिवे बंद. साडेअकरा झाले. अकरा पस्तीस. पावणेबारा. आदल्या रात्री आवाज झाल्यावर घाबरले होते, आता होईल म्हणून त्याहून जास्त घाबरले होते. शेजारी काकांचा श्वास ऐकू येत नव्हता.

बारा वाजले. वहिनी उठल्या. दिवा न लावता जिना चढून वर गेल्या. थोडा वेळ तिथेच थांबल्या असाव्यात. मग एकट्याच खाली आल्या. शेवटच्या पायरीवर त्यांची साडी घासली तेव्हाच कळलं की त्या आल्या.

स्टेशनमास्तरांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

"थांबा हो," काका दबक्या आवाजात खेकसले. "घर अजून पुरतं गार झालेलं नाही."

वहिनी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. झोपायला कुणीच गेलं नाही. एक वाजला. दीड झाला. जिना गप्प.

"हं," काका म्हणाले. "आता वाजवा."