स्वयंपाकीणबाईंचा अर्धा चेहरा

मैत्रिणीच्या नवऱ्याचा, हेमंतचा फोन आला तेव्हा मी लंडनला ईलिंगच्या दुकानात मेथी निवडत होते. "मृणाल गेली," एवढंच म्हणाला. जुडी तिथेच टाकली आणि ब्रिस्टलची ट्रेन धरली. कधीतरी हे ऐकायचंच होतं...

तिच्या घरी मागच्या खोलीत, मेण मऊ पडू नये म्हणून, हीटिंग कायम बंद असायचं. तिथे एक बाहुलीघर आहे, शेजारच्या इंग्रज आजींनी तिला दिलेलं. आत बोटभर उंचीच्या मेणाच्या बाहुल्या: मालक, मालकीण, पाळण्यातलं बाळ, स्वयंपाकीण. कोळशाच्या जुन्या धुराने सगळ्यांची तोंडं काळवंडलेली. ऑफिस सांभाळून ही बया म्युझियमच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सफाई शिकून आली. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, गालावरून अलगद फिरवायचा. थुंकीने मळ सुटतो, मेणाला धक्का लागत नाही, म्हणे. शी, सगळं घर उष्टं केलंस की, असं मी म्हटलं. तर म्हणाली, "आई पदर ओला करून पोराचं तोंड पुसते, ते उष्टं असतं का गं?" कप्पाळ!

मग तिलाच तोंडाचा कॅन्सर निघाला. सुपारीचं खांडही कधी न खाल्लेली बाई! रेडिएशनने लाळ आटली, ती परत आलीच नाही. तिला ध्यास एकच, सगळ्यांची तोंडं स्वच्छ करून जायचं. स्वयंपाकीणबाई तेवढ्या राहिल्या होत्या. आमच्या शेवटच्या भेटीत तिने काडी माझ्यापुढे धरली. "तू कर." दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी न पिणारी मी, निमूट कापूस जिभेला लावला. ब्लँकेटमधून ती बघत होती. कपाळ झालं, एक गाल झाला, खालून गुलाबी मेण दिसायला लागलं. "हळू... नाकाला जप." मग तिचा डोळा लागला. बाकीचं उद्या करू म्हणून मी काडी ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला अखेरच्या शुश्रूषेसाठी हॉस्पिसमध्ये हलवलं.

परवा त्या ट्रेनने पोचले, तर खोली तशीच गार. हेमंतने कापूस, काड्या मांडून ठेवलेल्या. तिने हे काम तुलाच दिलंय, म्हणाला, आणि दार लोटून गेला. मी कोट घालूनच बसले. स्वयंपाकीणबाईंचा अर्धा चेहरा उजळलेला, अर्धा काळा. कापूस जिभेवर ठेवला. काढला, पुन्हा ठेवला. बराच वेळ तसाच धरला... कोरडाच निघाला.