शोधलं नाही ते नाव

दोन हजार सालच्या आसपास मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवर नावं-पत्ते टाइप करायचे. पत्ते जर्मनीतल्या लोकांचे. तिकडच्या कुठल्याशा दुकानातून घरपोच माल मागवणारे सगळे. काम सुरू व्हायच्या आधी साहेबांनी आमच्या सह्या घेतल्या. युरोपात कायदा झालाय म्हणाले, माणसाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि तीच अट आता आपल्यालाही आहे. आम्ही मुली हसलो. आमच्या आळीत कोणाच्या मुलीला कुठून नकार आला, हे तिच्या आधी शेजारी कळायचं.

शेजारच्या काकींचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. जर्मनीतल्या एका बंदरात तो उतरला आणि बोटीवर परतलाच नाही. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मग तेही थांबले.

एका संध्याकाळी काकी आल्या आणि पायरीवरच बसल्या.

"बाय, तुझ्याकडे तिकडल्या माणसांची नावं येतात ना? त्यात आमच्याचं बघशील?"

"तसं बघता येत नाही, काकी. सही केलीय मी."

"मला पत्ता नको गो. आहे की नाही, एवढंच सांग."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं. "तो मुद्दाम लपून राहिला असेल तर?" ते म्हणाले. "तुझा पत्ता असा कोणी शोधलेला चालेल तुला?"

मला ते पटलं. काकींना मात्र मी फक्त 'जमणार नाही' एवढंच सांगितलं. साहेबांचा पहिला प्रश्न त्यांच्यासमोर उच्चारायचं धाडस मला झालं नाही. "ऱ्हाऊं दे," काकी म्हणाल्या. "तुझी नोकरी जायला नको."

पुढच्या वर्षी ते काम संपलं. सगळी माहिती पुसा आणि पुसल्याचं लेखी कळवा, असं तिकडून आलं. पुसायचं काम माझ्याकडे होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्या सगळ्या जर्मन नावांत आमच्याकडचं आडनाव लगेच सापडलं असतं, असलं तर. मी ते टाइप करायला घेतलं, दोन अक्षरं झाली, ती खोडली. मग सगळंच पुसून टाकलं.

काकींनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. "काम संपलं म्हणे तुझं? मग ती नावं?"

"पुसली."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी मला आत बोलावून गरम घावने वाढले. मी खाली मान घालून खाल्ले.

कायदा योग्यच होता, असं मी आजही म्हणते. पण काही वर्षांनी काकी गेल्या, अग्नी पुतण्याने दिला, आणि अंगणात जमलेले लोक एकमेकांना विचारत होते, "मुलाला कळवलं का कोणी?" तेव्हा मी चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून गेले.