प्रेमनगरचे हिरवे टोळ

प्रेमनगरची अर्धी वाट सरली तोवर शशिकलाबाईंची चप्पल चावायला लागली होती. अंधाराला त्या पहिल्यापासून भितात, म्हणून ओठांवर रामरक्षा.

"वहिनी, मनातल्या मनात म्हणा," अनंतराव कुजबुजले. "रामाला ऐकू येईल. किडे मात्र गप्प बसतात."

अनंतराव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी विद्यार्थ्यांना घेऊन रात्री गल्लोगल्ली रातकिड्यांचे आवाज टिपत फिरणं काही सुटलं नव्हतं. महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिहायचं शशिकलाबाईंनी कबूल केलं होतं. "घरी बसून काय सांगू? चालता चालता विचारा," म्हणाले, आणि बाई फसल्या.

गेल्या वर्षी स्मरणिकेत अनंतरावांनी स्वतःच लिहिलं होतं, की पानासारखे दिसणारे, रात्री गाणारे हिरवे टोळ प्रेमनगरातून पार गेले, आणि घालवले ते रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्यांनी. त्या लेखावर मंडळात त्यांचा सत्कार झाला. शेजारच्या मिश्राजींनी तर फाटकावरचा दिवाच काढला आणि त्याच रात्री ते नालीत पडले.

मेंदीच्या कुंपणापाशी अनंतरावांनी हात वर केला. पोरं थांबली.

"रातकिडे आहेत. टोळ नाही. लिहा शून्य."

वही धरलेल्या श्रेयाने लिहिलं नाही. रेल्वेच्या नोकरीमुळे हिंदी मुलखात आलेल्या मराठी घरची पोरगी, पण बोलणं सगळं हिंदीत. "सर, इतना तो चिल्ला रहा है."

"ते रातकिडे गं."

"नहीं सर, उससे पतला."

शशिकलाबाईंनाही ऐकू येत होतं. त्यांना वाटलं होतं, कुणीतरी सुरीला धार लावतंय.

श्रेयाने टॉर्च मारला. पानावर पानासारखाच एक टोळ, मिशा लांबलचक, पंख थरथरताहेत. अनंतराव नाक टेकेल इतके वाकले. बराच वेळ नुसते बघत राहिले.

"वहिनी, हा आत्ता ओरडतोय?"

"कान किटले माझे."

श्रेया म्हणाली, "सर, शायद अभी-अभी लौटे हों."

"बदली झाली होती काय त्यांची?" अनंतरावांनी तिच्या हातातला टॉर्च घेतला. "तू ऐक आणि लिही. उजेड मी धरतो."

पोरं पुढे गेली तसे ते शशिकलाबाईंच्या जोडीने हळू चालू लागले.

"वहिनी, माझ्यावर काय हवं ते लिहा. पण आधी एवढं लिहा, की टोळ कुठे गेले नव्हते, अनंतरावांनाच एवढा बारीक आवाज ऐकू येत नव्हता. सत्कार घेतलाय हो, उभं राहून माझ्याने सांगवणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि पहिल्याच पानावर घाला. जाहिरातींच्या मागे कुणी वाचत नाही."