कढीपत्त्यावरच्या सात अळ्या

मंडळी, आज सकाळी मी शेजारच्या काकूंवर आळ घेतला.

आमच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर फुलपाखराच्या सात हिरव्या अळ्या होत्या. परभणीच्या या उन्हात त्या तगतात का, ते मी रोज वहीत लिहीत होते. आज एकही दिसेना. फोडणीला आमचीच पानं नेणाऱ्या काकूंकडे कापसाचा फवारणी पंप आहे. मी विचारलंच, "काकू, काल इकडं काही फवारलं का?"

काकू भडकल्या. "आवो ताई, त्या अळ्यांपायी आठ दिस पानाला हात लावला न्हाई. बिनकढीपत्त्याचं वरण खायलाव आमी, आन् तुमी माझ्यावरच संशय घ्यायलात?"

तरी मला पटलं नाही. दुपारी खिडकीतून पाळत ठेवली. एक बुलबुल आला. झाडाला मी परवाच टांगलेल्या भांड्यातलं पाणी प्यायला आणि एकेक पान धुंडाळू लागला.

अळी खाताना मी त्याला पाहिलेलं नाही, म्हणजे हाही संशयच. पण त्याला तिथं बोलावलं मी.

भांडं लांब हलवलं. आता अळ्याच नाहीत, म्हणजे पानं तोडायला हरकत नाही. पण तीच घेऊन माफी मागायला गेले, तर काकूंना काय वाटेल? तुम्ही कसे गेला असता?