सुभेदाराकडे पाठ करून

मांजरांना खायला घालणारी माणसं एकत्र आली की मांजरांबद्दल कमी आणि एकमेकांबद्दल जास्त बोलतात. आमचंही तेच. सीवूड्समधल्या आमच्या सोसायटीच्या पंपरूममागे, मागच्या गेटला लागून एक कट्टा आहे. तिथं रोज संध्याकाळी आम्ही तिघं जमतो. म्हणजे, जमायचो. मी, इक्बालभाई आणि मंगलताई. भटकी मांजरं पिंजऱ्यात धरायची, नसबंदीचं ऑपरेशन करून आणायची, जिथून उचलली तिथंच परत सोडायची, ठरल्या वेळी खायला द्यायचं आणि मग भांडी उचलून जागा झाडून घ्यायची, एवढंच आमचं काम. जागा रोज स्वच्छ होते, किस्से मात्र साचत जातात!

मंगलताई दिवाळीनंतर उलव्याला मुलाकडे राहायला गेल्या. कट्ट्यावर मांजरं तेवढीच आहेत, गप्पा निम्म्या झाल्या. सरळ सांगतो, करमत नाही. म्हणून मी आणि इक्बालभाई जुनेच किस्से एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत बसतो. आज तुम्ही सापडलात, तर तुम्ही ऐका.

*

सुरुवात सुभेदारापासूनच करायला हवी. करडा बोका, रुंद जबडा, नाकावर कुठल्याशा मारामारीचा जुना व्रण, आणि चालणं असं की सोसायटीचा सातबारा याच्याच नावावर! नाव मंगलताईंनी ठेवलं.

बाकीची मांजरं आमच्या पायात घोटाळायची. सुभेदार नाही. दोन हात लांब उभा राहायचा. भांडं ठेवून माणूस मागे सरकला की मग पुढे. कुणी वळून बघितलं की खाणं बंद. आणि गाडीचा हॉर्न वाजला तर संपलंच. पंपरूमखालच्या बोळात जो घुसायचा तो दुसऱ्या दिवशीपर्यंत दर्शन नाही.

मंगलताईंचं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं. रिटायर झाल्या तेव्हा मेट्रन होत्या. भलेभले डॉक्टर त्यांना दचकून असायचे म्हणे. त्या बाईंचा जीव या बोक्यात अडकला. "विनायक, एकदा," मला म्हणायच्या, "एकदाच यानं मला शिवू द्यावं. मग काही मागणं नाही."

त्यासाठी त्या काय करायच्या? तर त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. बुजऱ्या मांजराकडे रोखून बघितलं की त्याला वाटतं, आता धरतील. पाठ केली की त्याला जरा धीर येतो. म्हणून मंगलताई रोज कट्ट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि मागून येणारा त्याच्या खाण्याचा आवाज ऐकायच्या. वर्षानुवर्षं!

त्यांचे मिस्टर, आमचे अप्पा, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून हे बघायचे. एक दिवस न राहवून ओरडले, "अगं, चाळीस वर्षांच्या संसारात माझी अशी वाट कधी बघितली नाहीस!"

मंगलताईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "तुम्ही कधी दोन हात लांब राहिलात का?"

अप्पा आत गेले ते जेवायलाच बाहेर आले.

*

मांजर पिंजऱ्यात यायचं तर ते भुकेलेलं हवं. भूल द्यायची म्हणूनही पोट रिकामं लागतं. त्यामुळे पिंजरा लावायच्या आदल्या दिवसापासून खाणं बंद. याला आम्ही 'एकादशी' म्हणतो.

एकदा चांगली जय्यत तयारी केली. तीन पिंजरे, आत बांगड्याचे तुकडे, वर चादरी. आम्ही इक्बालभाईंच्या दुकानात दबा धरून बसलो. त्यांचं हार्डवेअरचं दुकान मागच्या गेटसमोरच आहे. एकेक मांजर यायचं, बांगडा हुंगायचं आणि पिंजऱ्याला टेकून निवांत तोंड धूत बसायचं. एक तर पिंजऱ्यावर चढून झोपलं!

"कुणीतरी खायला घातलंय," मंगलताई म्हणाल्या. मेट्रनचा आवाज.

"आमी नाय हां," इक्बालभाई म्हणाले. "उरणच्या माणसाचा शब्द आहे!"

मी म्हटलं, माझा तर प्रश्नच नाही.

तेवढ्यात करावे गावातली कुंदाबाय टोपली घेऊन गेटवर आली. आमचं मावरं, म्हणजे मासळी, हिच्याकडूनच येते. तिनं पिंजरे बघितले, मांजरं बघितली, आमची तोंडं बघितली.

"तुमी तिगंव सकाली येक-येक करून माज्याकरशी मावरा घेऊन गेलाव," ती म्हणाली. "त्यांचा पोट भरलेला हाय. आता पिंजऱ्यान कोन जानार, तुमी?"

तिघांनीही आपापल्या चपलांकडे बघितलं. 'एक दिवस उपाशी राहील बिचारं' असं प्रत्येकाला वाटलं होतं, आणि बाकीचे दोघं कडक आहेत अशी प्रत्येकाची खात्री होती.

*

चेअरमनसाहेबांचा किस्सा इक्बालभाईंच्या तोंडून ऐकण्यासारखा आहे, पण ते नेमके आत्ता गिऱ्हाईकाला नळाचा वॉशर दाखवतायत, तेव्हा मीच सांगतो.

चेअरमननी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला. "मांजरं वाढतायत! काहीतरी करा!" आम्ही केलं. त्याच आठवड्यात पिंजऱ्यात एक दांडगा बोका सापडला. गळ्यात पट्टा नाही, बिल्डिंगच्या प्लास्टरच्या धुळीत लोळून अंगाचा रंग सिमेंटसारखा. नेला, ऑपरेशन झालं, ओळख म्हणून डाव्या कानाचं टोक कापलं. कान कापलेला दिसला की हे मांजर झालंय, पुन्हा धरायचं नाही, अशी ती खूण. मग डॉक्टरांनी त्याला पुसून काढलं आणि आतून पांढराशुभ्र, गुबगुबीत राजपुत्र निघाला!

परत आणून सोडतोय तोच चेअरमन जिन्यातून धावत आले. "अहो, हा माझा प्रिन्स! चार दिवस शोधतोय! आणि याचा कान..." मग त्यांची नजर हळूहळू त्याच्या शेपटीखाली सरकली. 

इक्बालभाई अदबीनं म्हणाले, "साहेब, कंप्लेंट तुमचीच होती."

आता सोसायटी कट्टा बंद करणार म्हणून आम्ही हवालदिल! महिन्याभरानं चेअरमनच्या मिसेस स्वतः खाली आल्या. आम्ही तिघं उठून उभे राहिलो. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या सोफ्याचा वास गेला हो! रात्रीची भटकंतीही बंद झालीय." आणि जाता जाता, "थँक्यू."

कट्टा आजही आहे.

*

सुभेदाराला धरायला मात्र आम्हाला घाम फुटला. सगळी मांजरं झाली, हा पिंजऱ्याला प्रदक्षिणा घालून निघून जायचा. शेवटी एकदा कसा कोण जाणे, शिरला. ऑपरेशन झालं. भुलीत टेबलावर आडवा पडलेला, जीभ बाहेर, डाव्या कानाला औषध लावलेलं. इतका मोठा बोका, पण तेव्हा लहान दिसत होता.

डॉक्टर तरुण मुलगी. तिला सगळं माहीत होतं. ती हसून म्हणाली, "मंगलताई, आत्ता लावून घ्या हात! मस्त कुरवाळा. पुन्हा हा चान्स येणार नाही."

मंगलताईंनी हात पुढे केला. मी बघत होतो, बोटं त्याच्या पाठीपासून वीतभर लांब होती. तिथंच थांबली. मग त्यांनी हात मागे घेतला, टॉवेलची दोन टोकं धरून त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, आणि तेही त्याला बोट लागू न देता.

"अहो, का?" डॉक्टर म्हणाली.

"आयुष्यभर पेशंटला सांगितल्याशिवाय सुई टोचली नाही मी," मंगलताई म्हणाल्या. "हा तर नाहीच म्हणतोय इतकी वर्षं. शुद्ध नाही म्हणून काय त्याचं नाही म्हणणं रद्द झालं?"

परतताना रिक्षात पिंजरा त्यांच्या मांडीवर होता. घर येईपर्यंत त्या त्यावरची चादर सारखी करत राहिल्या. मी आपला उगीच ट्रॅफिकवर बोलत राहिलो.

*

इक्बालभाई रमजानमध्ये रोजा सोडायच्या आधी मांजरांची भांडी भरतात. आधी ती, मग आपण. महिनाभर संध्याकाळची, मगरिबची अजान झाली की सगळी मांजरं दुकानाच्या पायरीवर ओळीनं हजर.

ईद झाली. इक्बालभाई दुपारी पोटभर जेवून संध्याकाळी आरामात बसले होते. अजान झाली, मांजरं आली. बसली. इक्बालभाईंकडे बघायला लागली.

"अरे, संपले रोजे!" इक्बालभाई म्हणाले. मांजरं हलेनात.

मंगलताई म्हणाल्या, "तुम्ही सवय लावलीत, इक्बालभाई. सवय लावणाऱ्यानं मधेच असं जायचं नसतं."

तेव्हा हसलो होतो आम्ही.

*

अप्पा गेले. त्यानंतर मुलानं आईला उलव्याला न्यायचं ठरवलं. मुलगा चांगला आहे, शब्दाला जागणारा, फक्त सतत घाईत. तो घ्यायला येणार असला की मंगलताई अर्धा तास आधी चपला घालून गेटवर उभ्या. "पोराला खोळंबून ठेवलेलं मला नाही चालत." हॉर्न वाजायच्या आत त्या गाडीत असायच्या.

इक्बालभाईंनी सुचवलं, "ताई, टेन्शन नका घेऊ. सुभेदाराला पिंजऱ्यात घालू, उलव्याला सोडू. मी टेम्पो आनतो."

मोह मलाही झाला होता. पण याच बाईंनी आजवर किती जणांना झापलं होतं! 'ही मांजरं लांब कुठंतरी सोडून या' म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच गोष्ट सांगायच्या. उचलून परमुलखात सोडलेलं मांजर तिथं रुजत नाही, ते घर शोधायला निघतं आणि वाटेत मरतं.

"नियम आपलाच आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे त्याला त्याच्या जागी."

पंधरा दिवसांनी मी फोन केला. म्हटलं, काय ताई, रुळलात का? घर मोठं आहे, स्टेशन जवळ आहे, डोक्यावरून विमानं जातात, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, "विनायक, मला उचलून परमुलखात सोडलंय रे. कान कापायचा तेवढा राहिला."



तेव्हापासून मी रोज संध्याकाळी भांडी भरली की फोन स्पीकरवर टाकून सुभेदाराच्या भांड्याशेजारी ठेवायला लागलो. पलीकडून आवाज यायचा, "सुभेदार, या. जेवायला या." पहिल्या दिवशी सुभेदार आला, कान टवकारले, फोनभोवती एक चक्कर मारली, फोनच्या मागे जाऊन बघितलं. मग कट्ट्यावर त्या जिथं बसायच्या तिथं बघितलं. आणि न खाता निघून गेला.

मंगलताईंनी विचारलं, "खाल्लं का रे?"

"खाल्लं ना!" इक्बालभाई माझ्या आधीच म्हणाले. "भांडं चाटून साफ केलं!"

 मग मेट्रनचा आवाज आला, "इक्बालभाई, पेशंटच्या नातेवाइकांना मीही असंच सांगायचे."

*

गेल्या रविवारी मंगलताई आल्या. दुपारी मुलगा सोडून गेला, संध्याकाळी न्यायला येणार होता. डब्यात उकडलेला बांगडा होता, काटे काढलेला. आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही दोघं लांब राहा." आणि कट्ट्यावर आपल्या जागी, भिंतीकडे तोंड करून बसल्या.

आम्ही दुकानाच्या पायरीवर. चहा झाला. ऊन उतरलं. बाकीची मांजरं येऊन, खाऊन, गेलीसुद्धा. सुभेदाराचा पत्ता नाही. इक्बालभाई तोंडातल्या तोंडात दुवा मागायला लागले, मीही देवाला अधूनमधून हाक मारत होतो.

आणि बोळातून तो आला. भांड्यापाशी थांबला. हुंगलं. भांडं ओलांडलं. दोन हात लांब उभा राहिला, नेहमीसारखा. मग ते दोन हातही चालून आला, कट्ट्यावर चढला, गोल फिरला, आणि मंगलताईंच्या पाठीला आपली पाठ टेकवून, आमच्याकडे तोंड करून बसला.

मी उठून चार पावलं पुढे गेलो. मंगलताई हलल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले. भिंतीकडे बघतच अगदी हळू म्हणाल्या, "विनायक, तोच ना?"

"तोच," मी म्हटलं.

"मग लांब हो."

मी मागे सरलो. तेवढ्यात मागच्या गेटवर मुलाची गाडी आली. त्यानं हॉर्न दिला. थांबला, आणि पुन्हा दिला, लांबलचक.

कट्ट्यावरून दोघांपैकी कुणीही उठलं नाही.